उरलेलं आतडं शिकतंय

...छे हो, तक्रार कुठं करतेय मी? मी मुळात बोलतच नाही फारशी, सासरी कुणालाही विचारा, पण तुम्हीच सांगा, लग्नाला महिना होतो न होतो तोच नवऱ्याच्या आतड्याला पीळ पडतो, तातडीनं ऑपरेशन होतं, लहान आतड्याचा निम्म्याहून जास्त भाग काढून टाकतात, आणि डॉक्टर हसत म्हणतात, "काळजी नको, उरलेलं आतडं शिकतं! रुंद होतं, आतलं अस्तर वाढवतं, गेलेल्याचं काम अंगावर घेतं. फक्त वेळ द्या." झालं! तेव्हापासून घरात एकच जप... आतडं शिकतंय!

सासूबाई सारख्या मऊ भाताची वाटी घेऊन हजर, "खा रे, रिकामं ठेवलंस तर ते शिकणार कसं?" जेवताना यांनी पाण्याला हात लावला की सासरे पेपरामागून, "पाणी नंतर! ते शिकतंय!" अहो, या घरात मीही नवीनच ना? मिठाचा डबा सापडेना, तर लगेच "अजून कळत नाही?" आणि आतड्याला? त्याला वर्ष-दोन वर्षं मुभा!

बरं, मला हवं तरी काय होतं? एक सिनेमा. अख्खा! पाहिलेत हो आम्ही सिनेमे, सगळे अर्धवट. कडेच्या खुर्च्या, माझ्या मांडीवर यांच्या जादा कपड्यांची पिशवी, आणि अंधारात यांनी माझा हात दाबला की निघायचं... मोबाईलचा उजेड पाडत पुढं मी, मागं हे, मग स्वच्छतागृहाबाहेर पिशवी सांभाळत मी उभी. किती नायिकांचं पुढं काय झालं, देव जाणे! हात धरणं म्हणजे काय, तर उठायची खूण. मला नुसता धरलेला हात हवा होता हो... कशासाठीच नसलेला.

परवा डॉक्टर म्हणाले, "छान शिकलं की आतडं!" गेलो सिनेमाला. मधल्या खुर्च्या, बरं का! मध्यंतर झालं, हे जागेवर! शेवट आला, नायिका जिना उतरतेय, नायक खाली उभा, मी श्वास रोखलेला, आणि यांनी... माझा हात दाबला.

तुम्हाला सांगते, ताडकन उठले! पिशवी खांद्याला, उजेड खाली, "जरा पाय घ्या, जरा पाय..." "अहो बाई, बसा की!" "घाई आहे हो!" करत थेट स्वच्छतागृह गाठलं, दार ढकलून धरलं आणि मागं वळले. हे धापा टाकत समोर.

"अगं, झालं काय?"

"तुम्ही हात दाबलात ना?"

"मी... नुसता धरला होता गं."

आत टाळ्या पडल्या. म्हणजे संपला, हाही! मी दार धरून उभी, रडू की हसू कळेना. यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि अगदी डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "काळजी नको, बायको शिकतेय. फक्त वेळ द्या." आणि पुन्हा हात धरला. नुसता! कशासाठीच नाही! मी तिथं, त्या दारात, त्या फिनाइलच्या वासात जन्मभर उभी राहिले असते हो...

तर तोच हात हळूच सोडवत म्हणतात, "आता आलोच आहोत, तर जाऊन येतो."