मुरबाडचा दुपारचा खेळ

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, काळू नदीच्या अलीकडे, तीस उंबऱ्यांचं, नकाशात नाय मिळायचं तुमाला. बाबा भात करायचा, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी. आय मी पाच वर्सांची असताना तापात गेली, मंग मला वाढवली ती माज्या बहिणीनं, काशीनं. काशी माज्याहून चार वर्सांनी मोठी. चार वर्सांनी मोठी म्हंजे काय हो, ती पण पोरच व्हती, पण चुलीशी बसली ती बसलीच. माजं नाव पार्वती, घरात पारू. पद्मा हे नाव मागून लागलं, ते सांगते.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की आमच्याकडची माणसं गवत कापायला जायची. आमचं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आटगाव टेशनावर गवताचे डोंगर लागायचे. आटगावला माजी मावशी दिली व्हती, तिच्याकडे राहून मी पण जायची कापायला. चौदा वर्सांची असन मी. लढाई लागायच्या आधीची गोष्ट. त्या साली टेशनावर गाडीतून पेट्याच पेट्या उतरल्या, छत्र्या, आरसे, पत्र्याच्या तलवारी. बोलपटवाले आले, बोलपटवाले आले, सगळीकडे तेच.

माहुली गडाच्या पायथ्याशी त्यांनी तंबू ठोकले. राजाराणीचा खेळ व्हता. राणीचं काम करायच्या त्या बाईंना सगळे माईसाहेब बोलायचे, पस्तिशीच्या असतील, त्यांची स्वतःची नाटकमंडळी पण व्हती, बैलगाडीतून गावोगाव फिरायची. तर झालं काय, राणीच्या सखीचं काम करणारी पोरगी हिवतापानं पडली, तिला गाडीत घालून परत धाडली. मंग डायरेक्टर साहेब आमच्या गवतवाल्या बायांकडे आला, बोलला, त्या कड्यावर चढायला कोण घाबरत नाय. मी बोलली, कड्याची कसली भीती, आमी रोज तिथंच कापतो. झालं, मला लुगडं नेसवलं, डोक्यावर फुलं, आणि चढवली वर.

बोलायचं येवढंच व्हतं, राणीसाहेब, वर येऊ नका, वाट राहिली नाही. येवढंच. आवाज धरायचं यंत्र बांबूला बांधून माज्या डोक्यावर टांगलेलं. मी बोलली, वाट रायली नाय. थांबवलं. परत बोलली, वाट राहिली नाय. परत थांबवलं. तिसऱ्यांदा डायरेक्टरनं टोपी काढून जमिनीवर आपटली, फीत काय झाडाला लागते काय, बोलला. काय सांगू तुमाला. ऊन उतरत चाललेलं, सगळी माणसं माज्या तोंडाकडे बघतात, आणि खाली मावशी पदर तोंडात धरून उभी. मंग माईसाहेब राणीच्या वेशात धापा टाकत वर आल्या, माजा हात धरला, बोलल्या, पारू, नाही मधला तो शेवटचा ही गिळू नकोस. घास गिळायचा असतो, शब्द नाही. चौथ्यांदा जमलं. चौथ्यांदा असं जमलं की खालच्या बाया बोलल्या, ही आपली पारू नव्हंच.

ते संपलं आणि माईसाहेब स्वतः बैलगाडीनं आमच्या घरी आल्या. ओटीवर बसल्या, काशीच्या हातची नाचणीची भाकर खाल्ली, बाबाला बोलल्या, मुलीचा आवाज आहे, माझ्याकडे द्या, लेकीसारखी ठेवीन. बाबानं नाय पण नाय म्हटलं आणि हो पण नाय. तो काशीकडे बघायला लागला. काशी उंबऱ्यात उभी. ती बोलली, जाऊ द्या तिला, मी हाय ना इथं. येवढंच बोलली ती. त्या बोलण्यावर मी गेली.

मंग मंडळीत राहिली. पहिलं साल नुसतं पाणी भरायचं, लुगड्यांच्या घड्या करायच्या, आणि रोज सकाळी माईसाहेबांसमोर बसून बोलायला शिकायचं. नाही, होते, आम्ही, तुम्ही. जीभ दुखायची हो. दुसऱ्या सालापासून छोटी कामं, आणि पद्मा हे नाव माईसाहेबांनी दिलं. तिसऱ्या साली माईसाहेबांच्या ओळखीनं मुंबईच्या स्टुडिओत एका बोलपटात काम मिळालं, नायकाच्या बहिणीचं नाय, नायिकेचंच. त्यात एक ठिकाणी नायक माजा हात धरतो. नुसता हात. पण तो बोलपट तंबूत लागला शहापूरला, बाजाराच्या दिवशी, आणि आमच्या गावची माणसं बाजाराला गेलेली, ती तंबूत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गावात बैठक. आमचा पाटील म्हंजे बाबाचा चुलत भाऊस, गणूकाका. माणूस वाईट नव्हता, पण शब्दाला कडक. तो बोलला, आपल्या जातीची पोर परक्या पुरुषाच्या हातात हात घालून पडद्यावर नाचते, हे चालायचं नाय. तिला आणा आणि एका बिजवराला देऊन टाका, नायतर घर वाळीत. वाळीत म्हंजे समजतं ना तुमाला. चुलीला विस्तव नाय, विहिरीला पाणी नाय, लावणीला माणूस नाय, आणि घरात कोण मेलं तर खांदा नाय. त्यात काशीची सुपारी फुटलेली, मुरबाडकडचा मुलगा, वैशाखात लगीन. काशीच्या लग्नाच्या आड माजा हात आला.

तेव्हा आमची मंडळी मुरबाडला व्हती. लढाई चालू, रॉकेल मिळंना, बत्त्या लावायच्या कशा, म्हणून माईसाहेबांनी दुपारचा खेळ लावला. तीन वाजता पडदा. मी अडीच वाजता तोंडाला रंग लावत बसलेली, तर कनात बाजूला झाली आणि बाबा उभा. अनवाणी, पायाला धूळ, पंधरा मैल चालत आलेला. त्याच्या मागं गणूकाका आणि गावचे चार जण. बाबा माज्या तोंडाकडे बघंना, माज्या पायांकडे बघून बोलला, पारू, चल.

मी उठली नाय. माईसाहेब मधी आल्या, बोलल्या, बाहेर हजार माणूस बसलंय, आज हिच्याशिवाय खेळ नाही. गणूकाका बोलला, तुमचा खेळ तुमी बघा, आमची पोर आमाला द्या. आणि एकानं माज्या दंडाला हात घातला. बाबा अजून माज्या पायांकडेच बघत उभा. आणि मला माजाच आवाज ऐकू आला, मी बोलली, काका, तुमी पाटील हाय ना. पाटील ऐकल्याबिगर, बघितल्याबिगर निकाल देतो काय. आज खेळ बघा. पुढे बसा. मंग काय तो निकाल द्या, मी तुमच्यासमोर उभी राहीन.

गणूकाकानं मिशीवरून बोट फिरवलं. मंग बोलला, बसतो. पण ऐक पोरी, पडदा पडायच्या आत एक वाकडी गोष्ट दिसली तर तिथंच उठणार, आणि हजार माणसांसमोर हाताला धरून खाली उतरवणार.

सहाही जण पुढच्या चटईवर बसले, बाबा त्यांच्यात. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, गणूकाकाची काठी मांडीवर आडवी. खेळ सामाजिक व्हता, सासरनं टाकलेल्या पोरीचा. त्यात पहिल्याच अंकात नवरा बायकोचा हात धरतो. नवऱ्याचं काम करायचे शंकरराव, थोराड माणूस, चार पोरांचा बाप. ते मला पडद्याआडच बोलले, पद्मा, आज मी हात धरत नाही, ती काठी बघितलीस काय. मी बोलली, बरं. पण रंगमंचावर ती जागा आली, शंकररावांनी हात मागं घेतला, आणि मला वाटलं, आज हा हात लपवला तर माजा हात जन्मभर चोरीचा हात व्हईल. मी स्वतः पुढे झाली आणि त्यांचा हात धरला. समोर काठी उठली. गणूकाका गुडघ्यावर आला. शंकररावांच्या हाताला घाम सुटलेला मला लागत व्हता. मी वाक्य बोलत राहिली, काय बोलली मला ठाऊक नाय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर बाबानं गणूकाकाच्या धोतराचं टोक मुठीत धरलेलं. जोरानं धरलेलं, बैलाचं दावं धरतात तसं. बाबा, जो कधी पाटलासमोर मान वर करून बोलला नाय. गणूकाका खाली बसला.

तिसऱ्या अंकात ती पोर बापाच्या दाराशी येते. दार बंद. ती नुसती दाराशी बोलते, बाबा, दार उघडा, मी राहायला नाही आले, पाणी पिऊन जाईन. बाप आत हाय पण उघडत नाय. मी ते रोज बोलायची, पण त्या दिवशी बोलताना मला आत बसलेला बाप दिसंना, समोर बसलेला दिसायला लागला. माजा आवाज फुटला. आणि मी काय बघते, गणूकाका पागोट्याचं टोक डोळ्याला लावून बसलाय, खांदे हलतायत. त्याची लेक सासरी दिलेली, बाळंतपणाला माहेरी यायला निघालेली, ती वाटेतच गेली, पोचली नाय. ते मला तेव्हा आठवलं. मी त्याला रडवायला नव्हती बोलली हो, देवाशपथ.

पडदा पडला. मी रंग न पुसता खाली उतरली, बोलल्यापरमाणे समोर उभी राहिली. गणूकाकाचे डोळे लाल. त्यानं माज्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो. तो बोलला, पोरी, रडवलंस. आयुष्यात येवढा नाय रडलो. पण निकाल तोच. मी एकटा असतो तर वेगळं, गाव वेगळं. घर उद्यापासून वाळीत.

मी बाबाला बोलली, मी येते, चला, मोडू नका घर. बाबानं पहिल्यांदा माज्या तोंडाकडे बघितलं, रंग लावलेल्या तोंडाकडे. बोलला, घर तर बसलंच गो वाळीत, आता तू येऊन काय करशील. कर तुजं काम. आणि पाणी पिऊन चालायला लागला. पंधरा मैल परत, एकटा. ती पाच जणं पुढे, त्यांच्यापासून पन्नास पावलं मागं तो.

आठवड्यात काशीची सुपारी परत आली.

मंग आषाढ लागला. आमच्याकडे लावणी म्हंजे आज तुज्या शेतात, उद्या माज्या शेतात, सगळं गाव मिळून. आमच्या शेतात कोण येणार. बाबा आणि काशी दोघंच चिखलात, रोपं आव्यात, पेरल्या वाफ्यातच, पिवळी पडाया लागली. ते मला आटगावच्या मावशीनं सांगून धाडलं. पावसाळ्यात मंडळी बंद असायची, मी तशीच निघाली. आणि खोटं वाटंल तुमाला, माईसाहेब बोलल्या, आम्ही पण येतो. नऊ माणसं आली. राजाचं काम करणारा, तबलजी, शंकरराव, स्वतः माईसाहेब लुगड्याचा काचा मारून. एकाला पण लावणी येत नव्हती. तबलजी दर चार रोपांमागं चिखलात आपटायचा. काशी बांधावर उभी राहून सगळ्यांवर ओरडायची, वाकडं लावताय, बोटं खाली, बोटं खाली, आणि राजाचं काम करणारा हो बाई, हो बाई करायचा. गाव पलीकडच्या बांधावरून बघत उभं. हसलं पण नाय कोण आणि दगड पण नाय मारला. सहा दिवसांत शेत लावून झालं. वाकडंतिकडं, पण त्या साली भात आलं.

तीन सालांनी गावानं घर परत घेतलं, बाबानं दंडाची जेवणावळ घातली, मिटलं. तोवर काशी पंचवीसची. त्या काळात पंचविशीच्या मुलीला कोण विचारतो.

मी मंग बोलपटात आणखी कामं केली, दोन मोठी, बाकी अशीच. माईसाहेब गेल्या, मंडळी फुटली. स्टुडिओतल्या त्या दिव्यांनी डोळे लवकर अधू झाले. माजे बोलपट आता कुठं नाय, फिती जळाल्या, खराब झाल्या, बोलतात. जाऊ दे. मी सुखात केलं माजं काम, कुणाचं वाईट नाय चिंतलं.

आता ह्या शहापूरच्या खोलीत आमी दोघी बहिणी. बाबा गेल्यावर शेत तिनंच बघितलं तीस वर्सं, मंग गुडघे गेले तेव्हा मी तिला इकडे आणली. एक सांगू काय तुमाला, काशीनं मला रंगमंचावर कधी बघितलं नाय. एकदा पण नाय. आधी गावाची बंदी, मंग शेत, मंग खेळच संपले. मी तिला किती वेळा विचारलं, बाय गो, माज्यापायी तुजं लगीन मोडलं, राग हाय काय. ती तांदूळ निवडत राहते. एकदाच बोलली, जा बोलली तेव्हा मोजून नव्हती बोलली.

ती बघा, उठून आत गेली. कोण माज्याकडे जुनं विचारायला आलं की ती चहा ठेवायला जाते. घ्या चहा, तिच्या हातचा गोड असतो. देव तुमाला बरं करो, तुमच्या पोराबाळांना आयुष्य देवो. आणि हे लिहाल ना, त्यात तिचं नाव आधी लिहा. माजं मागून.