राहिलेली एक वात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय सगुणबाब परब, प्रमुख पाहुण्या डॉक्टर अश्विनी शेट्ये, ज्याच्या कौतुकासाठी आणि निरोपासाठी आपण जमलो तो रुद्रेश, त्याची आई विमलाबाय, पत्नी संजना, मंडळाचे सर्व कार्यकर्ते, आणि मे महिन्याच्या या उकाड्यात पंखे पुरत नसतानाही बसून राहिलेले धारगळचे सगळे लहानथोर, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी गोकुळदास गांवकर, शिरगावचा. मला भाषणाची सवय नाही. खाणीच्या टाइम ऑफिसात मी जन्मभर दुसऱ्यांची हजेरी लावली. नाव त्यांनी सांगायचं, मी मांडायचं, एवढंच आमचं बोलणं. सगुणबाबांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. ते म्हणाले, "दोन शब्द बोला हो. तुमच्याइतको त्येका कोण वळाखता?"

ते खरं आहे. रुद्रेश आणि माझा मुलगा सर्वेश इंग्लंडात एका खोलीत राहत होते. सर्वेश खाणीत मशीन चालवायचा. खाणी बंद पडल्या, तसा तो तिकडे गेला आणि एका शीतगोदामात कामाला लागला. पहिल्याच थंडीत तिथं पाय घसरून पडला. नडगीचे तुकडे झाले. ऑपरेशन करून आत पट्टी आणि स्क्रू घातले. झोपायची खोली वर, संडास खाली, मधे अरुंद जिना. रुद्रेश कामावरून यायचा, पेज करायचा, आणि सर्वेशला खांद्याचा आधार देऊन जिन्यावरून खाली न्यायचा, पुन्हा वर आणायचा. सख्खा भाऊ असता तर याहून काय केलं असतं? आज मी या व्यासपीठावर उभा आहे तो आधी हे उपकार सांगायला. रुद्रेश, तुझे आभार मानायचे राहून गेले होते. ते चारचौघांत मानतो.

थांबतो जरा. विमान जाऊ दे.

मोपाचा विमानतळ झाल्यापासून तुमच्या गावात बोलताना असं थांबावं लागतं, नाही का? तुम्हाला सवय झाली असेल. मला नाही. सर्वेशची शवपेटी मोपालाच उतरली. सोबत रुद्रेश होता.

लोक म्हणतील, निरोपाच्या दिवशी हे कशाला काढलं? बरोबर आहे. पण थोडं सांगतो. बाहेर भाजी आणि उंडे-पाव तयार आहेत हे मला ठाऊक आहे, वास इथपर्यंत येतो आहे.

सर्वेशचा रोज फोन यायचा. इथं आमची जेवणं व्हायची तेव्हा तिकडे संध्याकाळ. फोनवर त्याचं तोंड दिसायचं. दाढी केलेली, केस विंचरलेले. मी म्हणायचो, "तोंड बगलंय तुझा, आता पाय दाखय." तो हसायचा. "पाय खंय जाता, बाबा? ह्यो बगा कोलो!" आणि फोन खिडकीकडे फिरवायचा. घरामागे कचऱ्याचे डबे होते, तिथं संध्याकाळी एक कोल्हा यायचा. खरंच यायचा. तांबूस, झुबकेदार शेपटीचा. भर शहरात, माणसांच्या दारात कोल्हा! सर्वेशची आई शेजारच्या बायांना बोलावून आणायची. एक म्हणायची, "आमच्या कुत्र्यापरास बरो पोसलोहा." मग कोल्ह्यावरच बोलणं व्हायचं. मी पुन्हा पायाचा विषय काढला की तो म्हणायचा, "आता काळोख जालो, बाबा. उद्या दाखयतंय."

एकदा कोल्हा आला नव्हता, तरी फोन खिडकीकडे फिरला. नुसते डबे दिसत होते. "येतलो," तो म्हणत होता, "आत्ता येतलो, बगा." त्याचा आवाज कापत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "थंडी, बाबा."

ती थंडी नव्हती, ताप होता. पायातली जखम आतून चिघळली होती आणि विष रक्तात गेलं होतं. रुद्रेशनं त्याला इस्पितळात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याआधी गोदामातून निरोप आला होता, सोमवारी ये, नाहीतर तुझ्या जागी दुसरा घेतो. जखमेतून पाणी येत असताना सर्वेश त्या सोमवारी कामावर गेला होता.

हे मला रुद्रेशनंच सांगितलं. बारावं झालं, माणसं गेली, आणि तो आमच्या दारच्या सोप्यावर एकटा बसला होता. मान खाली. म्हणाला, "काका, तो दोन मोजे घालायचो. एकावर एक. वयल्यान स्प्रे मारायचो. खोलयेत वास येय, माका वाटला मोज्यांचो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला रडू आवरेना. मीच त्याला आत नेऊन जेवायला वाढलं.

आता आजच्या आनंदाच्या गोष्टीकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात रुद्रेशही तसाच पडला. तसंच ऑपरेशन, तशीच पट्टी, तसेच स्क्रू. बरं व्हायला तो घरी आला. विमलाबायनं त्याला हाताला धरून अंगणात पुन्हा चालायला शिकवलं. आता तो काठीशिवाय चालतो. मंडळानं त्याच्या जिद्दीचा सत्कार ठेवला, हे चांगलं केलं. मघाशी सगुणबाब म्हणाले, "पायात लोखंड घालून आमचा रुद्रेश लोखंडासारखा उभा आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. परवा त्याचं विमान आहे. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं आहे.

सोमवारी.

सगुणबाब, मला खूण करू नका. मी आवरतोच आहे.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला दीपप्रज्वलन झालं. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. समईला पाच वाती. पाहुणे एकेक वात लावतात, शेवटची सत्कारमूर्तीची. सगुणबाबांनी वहाणा काढल्या, डॉक्टरांनी सँडल काढल्या, विमलाबायनं आणि मी चपला काढल्या. रुद्रेश खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "तुम्हीच लावा माझी." सगुणबाब हसून म्हणाले, "सत्कारमूर्तीची वात दुसरो कसो लायत? मागीर लाय." सगळ्यांना वाटलं, मुलगा लाजतो आहे. आणि ती वात नंतरवर ठेवून कार्यक्रम पुढे गेला.

ती वात अजून तशीच आहे. बघा. चार पेटलेल्या, एक कोरी.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. या हॉलमध्ये आज बंद बूट घालून बसलेला तो एकटाच आहे. टेबलावरचं कापड खालपर्यंत आहे, त्यामुळे तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं. उजव्या पायात काळा मोजा आहे आणि त्याच्या आतून पांढऱ्या मोज्याची कड वर आली आहे. आणि वास येतो आहे. स्प्रेचा. भाजीचा वास येतो, फुलांचा येतो, आणि त्यांच्या मधून तो येतो.

मी चुकत असेन. म्हाताऱ्याचं नाक. माझ्या मनात एकच गोष्ट असते, म्हणून मला तीच सगळीकडे दिसत असेल. मी चुकलो तर फार बरं होईल. तुम्ही सगळे मला हसा, विमलाबायनं मला दोन शब्द सुनवावेत, मी हसत हसत शेवटच्या बसनं घरी जाईन.

संजना, तू खाली का बघतेस, बाय?

म्हणजे तुला ठाऊक आहे.

नाही, कुणी कुणाला बोलू नका. विमलाबाय, तुम्ही बसा. पोरानं आईपासून लपवलं, म्हणून त्याला रागावू नका. जागा जाईल, घराचं काम अर्धं राहील, संजनाला तिकडे नेणं लांबेल, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. सर्वेशच्याही होतं. थोडंसं पाणी येतं, सुकेल, असं त्यालाही वाटत होतं. आणि रुद्रेश, हे तुला मी काय सांगू? हे मला तूच सांगितलंस. आमच्या सोप्यावर बसून.

डॉक्टर अश्विनीबाय मघाशी चहा घेताना म्हणाल्या, "मी दातांची डॉक्टर, मला कशाला प्रमुख पाहुणी केलं?" बाय, मलाही तेव्हा कळलं नव्हतं. जखम बघून त्याला आजच इस्पितळात न्यायचं की नाही, एवढं तुम्ही सांगू शकाल. सगुणबाबांची गाडी बाहेर आहे. ते नाही म्हणणार नाहीत.

मंडळानं मला बोलावलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. घरच्या मंगल प्रसंगात मी नको ते बोललो. जे वावगं वाटलं असेल ते एका बापाच्या तोंडून गेलं असं समजून सोडून द्या. माझी आणखी काही मागणी नाही. फक्त ती राहिलेली वात रुद्रेशनं लावावी, आणि रीतीप्रमाणे अनवाणी येऊन लावावी.

जिन्यावर सर्वेशला तुझा खांदा होता. माझा तेवढा भक्कम नाही, पण तुझ्या खुर्चीपासून समईपर्यंत पुरेल. मी जागेवर जात नाही. तुझ्यापाशी येतो.

सोड, बाबा. आधी उजव्या बुटाची नाडी सोड.