बाटलीवरचा माझा फोटो

सन्माननीय अध्यक्ष भगवंतरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, या सोहळ्याचा खर्च उचलणारे माझे माजी विद्यार्थी सागरराव, सहकारी प्राध्यापक आणि मेहकर-सुलतानपूरकडून आलेल्या बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. पण मागच्या फलकावर ‘कर्करोगावर विजय मिळवणारे नीळकंठ सर’ असं छापलंय, ते वाचून मला शिसारी आली. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, कळतं मला.

विजय कसला? नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी काचेच्या बशीत प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या. त्यांवर डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला. पेशींची वाढ मंदावली. मंदावली एवढंच. प्यायलेल्या काढ्यातलं त्या ग्रंथीपर्यंत किती पोहोचतं, हे मला आजही ठाऊक नाही. तेवढ्यावर सागररावांनी दुसरबीडला त्या सालीच्या काढ्याच्या बाटल्या भरून विकल्या. वर माझा फोटो, खाली ‘सर स्वतः घेतात’. सागरराव, मान खाली घालू नका, मीही तेव्हा गप्पच बसलो. खरं सांगू? फोटो चांगला आला होता.

पुढचं सांगणं जड जातंय. तीन वर्षांपूर्वी हा आजार मलाच झाला. मी त्या बाटलीला हातही लावला नाही. नागपूरला सात आठवडे रेडिएशन घेतलं, आणि इथे सांगितलं की लेकीकडे, भार्गवीकडे राहून आलो. लघवीची तक्रार चारचौघांत कोण सांगतो? परतल्यावर लोक म्हणू लागले, बघा सर कसे ठणठणीत, काढ्याचा गुण. मी नुसता हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यांत जास्त किळस येते.

आमच्या प्रयोगशाळेतले परिचर वामनराव तुम्हाला माहीत आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी माझी काचेची भांडी धुतली. त्यांनाही हाच आजार झाला. त्यांनी डॉक्टरांनी उपचारासाठी दिलेली तारीख सोडली आणि ती बाटली धरली. गेल्या रविवारी मी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात भेटलो. रोग हाडांत उतरलाय. मी सगळं कबूल केलं.  ते म्हणाले, “सर, तुम्ही नागपूरले जाऊन राह्यले होते, तं मले काऊन नाही सांगतलं? मीबी आलो असतो ना तुमच्यासंगं.”

 

आयोजकांचे पुन्हा आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. उद्या सकाळी सहाला मी वामनरावांकडे निघतोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. ज्याला तपासून घ्यायचं असेल त्याने बसस्टँडवर यावं. मी काही विचारणार नाही. घरी कुणी विचारलंच तर सांगा, सरांना सोबत म्हणून चाललो.