थांबा म्हटलं की थांबायचं

वहिनी, मालक, माझे वर्कशॉपवाले भैया लोक, चेरीताल मोहल्ल्यातली सगळी मंडळी. मी बंटी. माईक हातात आला की मी नकलाच करतो. मुकुंददादांची तर त्यांच्यासमोर केली आहे. आज त्यांच्या फोटोसमोर जीभ चालून नाही राहिली.

विजेच्या मोठ्या मोटरी दुरुस्त करणारे आम्ही पाच जण. आम्हाला फोरमन नाही. आधी होता. एकदा दादा ओरडले, थांबा. फोरमनने विचारलं, काहून? दादा सांगेपर्यंत मशीनने दादांचीच दोन बोटं खाल्ली. फरशीवरून त्यांनीच उचलली.

फोरमन काम सोडून गेला. दादा मालकांना म्हणाले, आमचं आम्ही पाहून घेऊ. नियम एकच केला. पाचातला कोणीही थांबा म्हणाला, की सगळ्यांनी हात काढायचे. काहून, ते नंतर.

मी नवा होतो. गंमत म्हणून ओरडलो, थांबा. चौघंही थांबले. दादांनी विचारलं, काहून? म्हटलं, असंच. अशी थोबाडीत पडली की ओठ फाटला. आमच्यातले रफिकभाई म्हणाले, आता ह्या नालायकाचं कोण ऐकणार?

दादा म्हणाले, "हा शंभर वेळा खोटं ओरडला तरी थांबायचं. शंभर वेळा मारीन याला. पण थांबायचं."

गेल्या मंगळवारी मोटर वर चढून राहिली होती. साखळीची कडी उघडताना मला दिसली. ओरडलो. मी, खोटारडा. कोणी विचारलं का, काहून? नाही. सगळे मागे उडाले. दादापण. रफिकभाईंचा पाय तेवढा केबलमध्ये अडकला.

दादा परत आत गेले. मी ओरडलो, दादा, थांबा. त्यांनी रफिकभाईंना ढकललं आणि मोटर पडली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. फरशी मीच धुतली. रक्त निघतच नव्हतं.

एकदाच नियम मोडला दादांनी. एकदाच. मला राग येऊन राहिला आहे. कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटते. कोणाच्या देऊ?

मालक, काल तुम्ही म्हणालात, आता सुपरवायझर ठेवतो. साखळी बदला, मालक. नियम नका बदलू. त्याला विचारत बसलो असतो, तर आज इथे पाच फोटो असते.

चलो, दादांसाठी उभे राहा सगळे. मी ओरडतो. हात, मोबाईल, जीभ, सगळं बंद. मालक, तुम्हीपण. काहून, ते नंतर विचारा.

थांबा.