देवकाबाईच्या जास्तीच्या वाती

आजच्या सभेच्या अध्यक्षा सुनंदाबाई, खुर्चीवरचे पाहुणे यशवंतराव गुरुजी, देवकाबाईचा पोरगा वैभव, अन् सतरंजीवर बसलेल्या मोहगावच्या माह्या मायबहिणींनो, सगळ्यांले रामराम. जिचा हा निरोप हाये, ती देवकाबाई शाल पांघरून बसली हाये. कोणाचं लग्न हाये म्हणून मघाशी मलेच विचारत होती.

गुरुजी, तुम्ही आता म्हणाले, देवकाबाईची भक्ती थोर. थोर-बिर काही नाही. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत. ती बांधली तेव्हा आम्ही मिस्त्रीले आरपार कोनाडा ठेवाले लावला. त्यात देवीचा नंदादीप. वात तिची, तिच्या वावरातल्या कापसाची, तेल माह्यं. नवी वात जुनीवर पेटवाची, मंग जुनी काढाची, म्हणजे दिवा शांत होत नाही. ती तिकडून हात घाले, मी इकडून. मंत्र दोघींलेही येत नव्हते. "झोपली का वं?" "तू तेल टाक, मंग झोपते." हाच आमचा जप. दोघींचे नवरे गेले, तेव्हा एकीच्या सुतकात दुसरीनं दोन्ही कामं केली. दिवा राहिला.

मागच्या वर्षी कोनाड्यात एका वातीच्या जागी दोन दिसाले लागल्या. मंग चार. लावलेली वात तिच्या ध्यानातच राहेना. आली की लावे. बाया म्हणत, देवकाबाईची भक्ती वाढली. कायची वाढली? बाई विसरून राहिली होती. मी इकडून जास्तीच्या वाती काढो अन् गप राहो. सांगितलं असतं तर पोरानं तवाच नेली असती. मंग मी कोणासंग बोलली असती? तुमच्यासंग? हसू नका, खरं बोलून राहिली मी.

मंग मी तिगावले भाचीच्या लग्नाले गेली. वाती काढाले इकडे कोणी नाही. दिवा भडकला, तिचा पदर जळला. बाई वाचली, देवीची कृपा म्हणा. वैभव भोपाळवरून आला. म्हणाला, "काकू, आईले एकटी कशी ठेवू?" मी भांडाच्या तयारीत बसली होती, पण काय भांडू? पोरगं बरोबर बोलत होतं.

घर विकलं. घेणारा भला माणूस हाये, पण कोनाडा त्याच्या बाजूनं बुजवणार. त्याले तिथं अलमारी पाहिजे. बुजव बापा. दिवा माह्या बाजूनं राहीन. माह्या वाती जाड होतात, गाठी पडतात, पण जळतात.

आता बोलाले उठली, तर हिनं माह्यं लुगडं धरलं. माह्यं नाव तिले आठवत नाही. म्हणाली, "तेल टाकलं का वं?"

म्हटलं, "टाकलं, बाई."

उद्यापासून हे मले कोण विचारन?

मंडळानं शाल आणली, गुरुजी आले, सुनंदाबाईनं मले बोलू देल्लं, सगळ्यांचं भलं होवो. माही जीभ तिखट, शाळा दुसरीपर्यंतची. कोणाले लागलं असन तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. अन् आता आम्हा दोघींले निघू द्या, दिवेलागण झाली. सकाळी तिची गाडी हाये. आज तिले लावाच्या तितक्या वाती लावू द्या. मी आज तिच्या बाजूनं बसते, तिचा पदर धरून. एकही काढणार नाही.