मध्यंतरानंतरची गोधडी

आई : या खुर्च्या माणसांसाठी केल्यात की कोंबड्यांसाठी? गुडघे पार आखडले. मध्यंतर झालंय तोवर निघू या घरी.

मावशी : सकाळी दोन जिने चढलीस तेव्हा बरे होते गुडघे. बस गुमान. तीस वर्षांनी पुन्हा लागलाय आपला सिनेमा.

आई : आपला कसला? नावांच्या पाटीत आपण 'इतर'.

लेक : मावशी, त्या हिरॉइनला दारात बसायला खरंच तू शिकवलंस?

मावशी : तर! बाई बसायची पाहुण्यासारखी, पाठ ताठ. म्हटलं, ताई, आपली वाट कुणी बघत नसतं, आपणच बघायची असते. जरा सैल बसा. कोपऱ्यावरचा चहावाला आम्हाला कपाला हात लावू द्यायचा नाही. त्या आठवड्यात अख्खं युनिट आमच्या कपांतून चहा प्यायलं.

लेक : मला तर सांगितलं होतंत, तुम्ही कपडे शिवायला होतात.

आई : शिवायचोच.

मावशी : ते नंतर. आणि तो पाळणा आठवतो का गं? डायरेक्टरनं रंगीत पाळणा आणलेला. आम्ही सहाही जणी हसून लोळलो. आमच्या खोलीत पाळणा!

लेक : का? नव्हता?

आई : घंटा झाली. उठा म्हणते ना.

मावशी : मी नाही उठायची. सहांतल्या दोघीच उरलो आपण. त्या चौघींचा एक फोटो नाही माझ्याकडे. त्या आता इथेच दिसायच्या.

लेक : आई, नर्सिंगला होते तेव्हा हॉस्टेलच्या टीव्हीवर चारदा पाहिलाय मी हा सिनेमा.

आई : काय म्हणालीस?

लेक : मैत्रिणी रडत होत्या. मी पडद्यावरची गोधडी बघत होते. सहा रंगांचे तुकडे, कडेला निळं ठिगळ. माझ्या कपाटात आहे ती.

मावशी : प्रत्येकीनं एकेक तुकडा दिलेला. जी मोकळी असेल ती तुला घ्यायची. कुणीच मोकळी नसली की मग...

आई : हळू बोला. लोक ऐकतील.

लेक : ऐकू देत. गिऱ्हाईक आलं की मला कॉटखाली निजवायचात. सिनेमातलं ते झोपलेलं बाळ मीच ना?

(दिवे मंदावतात.)

आई : झोपलेली नसायचीस गं. टक्क जागी असायचीस. पण कधी रडली नाहीस.