सप्टेंबरचं पान

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, गार्गी, बोल… मीच उचलणार ना! तुझी आई गेल्यावर इथे मुलुंडला दुसरं कोण आहे?… हो, आत्ताच जेवलो. पिठलं-भात. ते सोड… पाहिलं. तू पाठवलेलं कॅलेंडर पाहिलं मोबाइलवर. बाराच्या बारा पानं… नाही. नाही आवडलं.

अगं, ऐक ना… ऐक आधी. तू दुकानात आहेस का? मशीनचा आवाज येतोय… घाटकोपरला, धवलकडे? त्याला सांग, छापायला घेऊ नको. आधी सांग, मग बोल… सांगितलंस?… हां.

मे महिन्यात पोरं आंब्याखाली, ते झकास. पण जुलैत आपली गावची म्हैस आहे, तिला धुतली कोणी?… मोबाइलने? म्हणजे शेण पुसलंस? अख्ख्या गोठ्यातलं?… शी! म्हैस आहे का साबणाची जाहिरात? शेण नसलेला गोठा बघून गावचा कुंडलिककाका विचारेल, ही कोणाची वाडी?… हसू नकोस. पुढचं हसण्यासारखं नाही.

सप्टेंबर… हो, आईचं पान. तिला सप्टेंबरात का घातलीस?… काय?… परत बोल… पितृपक्ष येतो म्हणून?

किळस आली मला, गार्गी. खरंच सांगतो. बाकीच्यांना आंबे, शिमगा, दिवाळी, आणि तिला पितृपक्ष? वर काळी चौकट, शेजारी समई. एक कावळा पण चिकटवायचास… नाही, मी चिडलेलो नाही. मला ओकारी येतेय… आणि तो चेहरा कोणाचा आहे?… आईचा? मग ओठावरचा तीळ कुठे गेला? सुरकुत्या कुठे गेल्या? दुधी भोपळ्यासारखी गुळगुळीत करून ठेवलीस. ही बाई मला स्टेशनवर भेटली तर मी ओळख देणार नाही. चाळीस वर्षं संसार केला मी, भोपळ्याशी नाही केला.

कुठला फोटो म्हणजे? भातलावणीतला घाल. जुलैत… आहे तुझ्याकडे, मीच पाठवलेला. डोक्यावर प्लास्टिक, कोपरापर्यंत चिखल… हां, तोच… तोंड उघडं आहे? मग? मिटलेलं कधी बघितलंस तू?… हो, ओरडतेय. माझ्यावरच ओरडतेय. मी बांधावर उभा राहून फोटो काढत होतो ना. 'फोटो कसले काढतास? रोपांची मूठ टाका हकडे!'… नातेवाईक बघू देत की. त्या सगळ्यांना ओरडलीय ती, ओळखतील लगेच.

हॅलो?… गार्गी?… कट झाला का?… अगं, रडतेस? दुकानात?… काय?… हळू बोल… त्या फोटोत ती आता बोलेल असं वाटतं, म्हणून तू तो उघडतच नाहीस?… हं… हं… मला नव्हतं गं माहीत.

नाही, तुझं चुकलं असं नाही… पण बघ, मला तो त्याच्यासाठीच हवाय. इथे दिवसभर कोण ओरडत नाही मला. दूध उतू गेलं, कोण बोलत नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला, कोण बोलत नाही. घाण वाटते मला हे शांत घर.

हां… पूस डोळे. धवलने चहा मागवला? घे मग… हो, थांबतो.

हां, बोल… आधी चौकट काढ. समई काढ. आणि चिखल पुसायचा नाही. एवढासा जरी पुसलास, तरी ते कॅलेंडर घरात घेणार नाही मी… सप्टेंबरात? म्हैस घाल. शेणासकट… हो, पितृपक्षात म्हैस. तिला काही वाटणार नाही.

अगं, ठेवू नकोस, एक मिनिट… जुलै संपला की ते पान उलटावं लागणार ना?… नाही, तसं काही नाही… तू असं कर, ऑगस्टलापण तोच घाल… हो, तोच. दोनदा… धवल हसला तर हसू दे… सप्टेंबरात? नको, नको. तिथे म्हैस राहू दे. आवडायची तिला.

थांब, पाण्याचा आवाज कुठून येतोय?… इथेच… अरे देवा, मोरीतला नळ! हात धुवायला गेलो आणि तुझा फोन आला… हो… हो, जातो… अगं, जातो म्हटलं ना! हुबेहूब आईसारखी ओरडतेस… ठेव आता. ठेव.